इला, गेला

टीव्ही घरात यायच्या आधी
त्याचा सांगाडा आला.
एका दांड्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्या,
खाऊन संपलेल्या सुरमईच्या काट्यासारख्या.
बाबांनी तो सुरूच्या वाशाला बांधून कौलांवर उभा केला,
तोंड पणजीकडे.
आजा खळ्यात जाळं सांधत होता. म्हणाला,
"दर्यात जावक घाबारता, नि आता कौलार जाळा टाकता!"

खरंच होतं ते.
तांडेलाचा मुलगा, पण होडी लागायची.
म्हणून तो मालवणात रेडिओ उघडायला शिकला,
व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत
तोंड मिटून बसायला शिकला.

आमची कामं ठरलेली.
बाबा वर, वासा फिरवणार.
भिवा पडद्यासमोर.
मी उंबऱ्यावर, दोघांच्या मधली तार.
इला!
गेला!
इला, इला… रवा थंयच!
आणि बाबांनी हात काढला की चित्र जायचं.
त्यांचा हातच अँटेनाचा एक तुकडा होता,
हे त्यांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं,
आम्ही भिवाला मारायचो.

मुंग्यांच्या वारुळातून एक बाई बातम्या द्यायची.
तिच्या खांद्यामागे तीच बाई, फिकट, अर्धा इंच उशिरा.
भूत, बाबा म्हणायचे.
डोंगराला आपटून मागाहून पोचलेली तीच लाट.
आई त्या भुतालाही हळदीकुंकू लावायची बाकी होती.

मग ती चैत्रातली रात्र.
वारा मेलेला. समुद्र तेलासारखा पडून.
पणजी संपली होती, आणि बाबा उगाच बटण फिरवत होते
कट् कट् कट्
तर मुंग्यांत काहीतरी हललं.
काळोखात कौलांवर चढले, वासा सुतळीने आवळला,
तोंड थेट पाण्याकडे.
अक्षरं आली, उजवीकडून डावीकडे चालणारी.
पांढऱ्या झग्यातला माणूस. फेटा.
"मस्कत," बाबा खाली येऊन म्हणाले,
एखाद्याने अंगणात व्हेल आल्याचं सांगावं तसं.
अशा रात्री पाण्यावर गरम हवेचं झाकण बसतं म्हणे,
लाटेला वर जाता येत नाही,
ती झाकणाखालून घरंगळत निघते.

मला जैतुनबीकडे पिटाळलं.
तिचा मजीद सहा वर्षं तिथल्या बंदरावर क्रेन चालवत होता.
पत्राला वीस दिवस लागायचे.
ती तांदळाचे हात घेऊन आली, तशीच.
पडद्यावर एक रस्ता होता. खजुरीची झाडं, दिव्यांची रांग,
एक गाडी आली आणि गेली.
तिने एकच विचारलं, हे आत्ताचंच का?
आत्ताचंच, बाबा म्हणाले.
मग ती बसली.
रस्त्याकडे बघत चाळीस मिनिटं बसली.
बाबांनी हात लावला नव्हता, तरी चित्र राहिलं.

मुंग्या आल्या तेव्हा मी सवयीने उंबऱ्यावर धावले
आणि कौलांकडे तोंड करून ओरडले, गेला!
वर कुणीच नव्हतं.

पुढे मजीदने रंगीत सेट आणला, थर्माकोलसकट.
त्याची पिक्चर ट्यूब बंद केल्यावरही चावायची,
बाबांच्या अंगठ्यावर खूण आहे.
मग छत्री आली, आकाशातल्या एकाच जागी डोळा लावून बसणारी,
तिला फिरवावं लागत नाही.
मग डबा. मग भिंतीवरचा हा सपाट, ज्याला पाठच नाही,
उघडून बघावं असं आत काही नाही.
आता भूत नाही, मुंग्या नाहीत.
पावसात चेहऱ्याचे चौकोन होतात, मग निळ्यावर नम्र अक्षरं.
थोडंसं दिसणं बंद झालं.

काटा उतरवला, खाऱ्या वाऱ्याने निम्मा खाल्लेला.
आई त्यावर बोंबील वाळत घालते.

बाबा ऐंशीचे. मोतीबिंदू.
पण वारा पडला की रात्री उठून खळ्यात येतात,
पाण्याकडे तोंड करतात,
गालावर हवा चाखल्यासारखे उभे राहतात.
"आज इला आसता," म्हणतात,
आणि पुन्हा आत जाऊन झोपतात.